पिंपळाची पालवी आणि चक्खुविञ्ञाण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सोनई हे गाव आहे. सभोवार उसाचे शिवार, जवळच साखर कारखाना आणि शनिशिंगणापूरकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ, असे त्याचे रूप. काही वर्षांपूर्वी फाल्गुन महिन्यात अभिधम्मातील रूपविचारावर दोन व्याख्याने देण्याच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो होतो. विहाराच्या अंगणातील पिंपळाची जुनी पाने गळून नवी पालवी फुटली होती. एक वयस्क उपासिका कौतुकाने म्हणाल्या, "बघा सर, कशी लालचुटूक पालवी आलीय!" शेजारी उभा असलेला विशीबाविशीचा एक तरुण हसून म्हणाला, "आत्या, मला तर सगळं झाड एकाच रंगाचं दिसतं."

आम्ही त्या दिवशी मनसिकारावर, म्हणजे चित्ताने विषयाकडे वळण्यावर, बोलून आलो होतो. त्याच भरात आम्ही त्याला म्हणालो, "नीट लक्ष देऊन पाहा, दिसेल." तो काही बोलला नाही. संध्याकाळी मात्र तो मुक्कामाच्या ठिकाणी आला आणि त्याने सांगितले की, हेच वाक्य तो लहानपणापासून ऐकत आला आहे. शाळेत त्याने झाडाची पाने तपकिरी रंगवली म्हणून त्याच्या हातावर छडी बसली. टोमॅटोच्या तोडणीला गेला की पिकलेल्यांबरोबर कच्चेही खुडतो, म्हणून "याचं कामात ध्यान नसतं" असा त्याचा लौकिक झाला. पंचरंगी धम्मध्वजाचे रंग तो अचूक सांगे. परंतु ते क्रमाने पाठ होते म्हणून. पुढे, जेथे दिव्यांचे रंग ओळखावे लागतात अशा एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या चित्रांचे पुस्तक त्याच्यापुढे धरण्यात आले. त्यातील आकडे त्याला वाचता आले नाहीत आणि तो बाद झाला. कारण कोणी नीट समजावून सांगितले नाही. नगरच्या एका नेत्रवैद्याने नंतर सांगितले की, हा जन्मजात रंगांधळेपणा आहे आणि तो हिरव्या रंगाच्या बाजूचा आहे. "म्हणजे नेमकं काय, ते मात्र कळलं नाही, सर," असे तो म्हणाला. त्या वेळी ते आम्हांलाही कळलेले नव्हते. प्रस्तुत लेख हे त्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमची चूक कोठे झाली हे आमच्याच ग्रंथांत लिहिलेले आहे. मज्झिमनिकायातील महाहत्थिपदोपमसुत्तात चक्खुविञ्ञाण उत्पन्न होण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: आतील चक्खु अभंग असणे, बाहेरील रूप त्याच्या टप्प्यात येणे आणि त्यांच्या जोडीला चित्ताचे तिकडे वळणे. अट्ठकथेत यांत आलोकाची, म्हणजे प्रकाशाची भर पडते. पिंपळ समोर होता, ऊन लख्ख होते, तरुण पाहत होता. चार कारणांपैकी पहिल्याची चौकशी न करताच आम्ही शेवटच्या कारणाकडे बोट दाखवले. तथापि, त्याच्या चक्खूला 'भंगलेला' म्हणणेही खरे नव्हते. त्याची नजर आमच्याहून तीक्ष्ण होती. अंगणाच्या टोकाच्या पाटीवरील बारीक अक्षरे तो सहज वाचीत होता. मग त्या डोळ्यात होते काय आणि नव्हते काय?

हे समजण्यासाठी प्रथम एक समज बाजूला ठेवला पाहिजे. रंग हा वस्तूला फासलेला असतो आणि डोळा तो जसाच्या तसा उचलून मेंदूकडे पोचवतो, असे आपण धरून चालतो. प्रकाशकिरण स्वतः रंगीत नसतात, त्यांच्यात केवळ रंगाची संवेदना उत्पन्न करण्याचे सामर्थ्य असते, हे न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथातच स्पष्ट केले आहे. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. डोळ्याच्या मागील भिंतीवर, दृष्टिपटलावर, हा प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे बारा कोटी, आणि भर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी सुमारे साठ लाख. रंगाचा संबंध मुख्यतः शंकुपेशींशी आहे. माणसात त्या तीन जातींच्या असतात. एक जात सुमारे ४२० नॅनोमीटरच्या, दुसरी ५३० च्या आणि तिसरी ५६० च्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. सोयीसाठी आपण त्यांना आखूड, मध्यम व लांब पल्ल्याच्या शंकुपेशी म्हणू. 'निळ्या, हिरव्या, लाल शंकुपेशी' असे पाठ्यपुस्तकांत लिहितात, ते आम्हांला घातक वाटते, कारण त्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की एकेक पेशी एकेक रंग ओळखते. एकटी पेशी कोणताही रंग ओळखीत नाही.

सोनईच्या वाचकांस साखर कारखान्याचा वजनकाटा परिचित आहे. बैलगाडी काट्यावर आली की काटा एक आकडा दाखवतो. गाडीत कोणत्या वाणाचा ऊस आहे हे तो सांगू शकत नाही. हलक्या उसाची मोठी मोळी आणि भारी उसाची लहान मोळी त्याला सारखीच. शंकुपेशीचे नेमके असेच आहे. तिने किती प्रकाशकण पकडले एवढाच तिचा आकडा. ते कोणत्या तरंगलांबीचे होते ही माहिती पकडतानाच नाहीशी होते. तिला न आवडणाऱ्या लांबीचा पण प्रखर प्रकाश आणि आवडणाऱ्या लांबीचा मंद प्रकाश यांत ती भेद करू शकत नाही. भेद करायचा तर वेगळ्या आवडीच्या दुसऱ्या पेशीचा आकडा शेजारी ठेवून दोहोंची तुलना करावी लागते. वर्णज्ञानाचा आरंभ या तुलनेत आहे.

ही तुलना दृष्टिपटलातच सुरू होते. शंकुपेशींचे संदेश मधल्या पेशींतून गंडिकापेशींकडे जातात आणि त्यांचे सुमारे दहा लाख तंतू एकत्र होऊन दृक्‌चेता बनते. कोट्यवधी पेशींचा आवाज दहा लाख तंतूंतून न्यायचा असल्यामुळे प्रत्येक पेशीचा स्वतंत्र आकडा पाठवणे परवडणारे नाही. म्हणून फरक पाठवला जातो. एक प्रकारची गंडिकापेशी लांब पल्ल्याच्या शंकूंचा आकडा मध्यम पल्ल्याच्या आकड्यातून, किंवा उलट, वजा करते. दुसरा प्रकार आखूड पल्ल्याचा आकडा इतर दोहोंच्या बेरजेसमोर उभा करतो. माकडाच्या दृष्टिपटलात अशी पेशी डेनिस डेसी व बॅरी ली यांनी १९९४ मध्ये ओळखून दाखवली. तिसरा प्रकार वजाबाकी न करता बेरीज करतो आणि उजेड-अंधाराची बातमी देतो.

येथे 'पेशी वजाबाकी करते' याचा अर्थ सांगितला पाहिजे. चेतापेशी काही घडत नसतानाही मंद गतीने विद्युत्‌स्पंद सोडीत असते. तांबूस प्रकाश पडला की अशा पेशीचे स्पंद वाढतात, हिरवट पडला की नेहमीच्या गतीपेक्षाही कमी होतात. त्यामुळे एकच तंतू दोन्ही बाजूंची बातमी देऊ शकतो. मात्र दोन्ही एकाच वेळी देऊ शकत नाही. 'निळसर हिरवा' आपल्याला दिसतो, 'पिवळसर तांबडा' दिसतो, परंतु 'तांबडट हिरवा' कधी दिसत नाही, हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी १८७० च्या दशकात केवळ निरीक्षणाने हेरले आणि रंग परस्परविरोधी जोड्यांत चालतात असा सिद्धान्त मांडला. त्यापूर्वी थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये, व पुढे हेल्महोल्ट्झ यांनी, डोळ्यात तीनच मूलसंवेदक असावेत असे प्रतिपादन केले होते. या दोन पक्षांत दीर्घकाळ वाद चालला. आज दिसते ते असे की, पहिल्या पायरीवर तीन संवेदकांचे म्हणणे खरे आहे आणि दुसऱ्या पायरीवर विरोधी जोड्यांचे.

वाचकांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. धम्मध्वजातील पिवळ्या पट्ट्यावर अर्धा मिनिट नजर स्थिर ठेवावी आणि मग पांढऱ्या भिंतीकडे पाहावे. भिंतीवर निळसर पट्टा तरंगताना दिसेल. भिंतीवर निळे काही नाही. सतत पिवळा पाहून तुलनेची एक बाजू थकली आणि दुसरीचे पारडे जड झाले, एवढेच.

दृक्‌चेतेचे बहुसंख्य तंतू मेंदूच्या मध्यभागी, थॅलॅमसमधील एका लहानशा ठाण्यात पोचतात. वाकवलेल्या गुडघ्यासारख्या आकारामुळे त्याचे नाव पडले. आपण त्यास जानुपिंड म्हणू. माकडांत व माणसांत त्याचे सहा ठळक थर आहेत. वरचे चार थर लहान पेशींचे. लांब व मध्यम पल्ल्यातील फरकाची बातमी त्यांतून जाते. खालचे दोन मोठ्या पेशींचे; त्यांचे काम प्रामुख्याने उजेडातील फरक व हालचाल टिपणे. या थरांच्या दरम्यान अतिशय सूक्ष्म पेशींच्या पातळ पट्ट्या आहेत आणि आखूड पल्ल्याच्या शंकूंची बातमी मुख्यतः तेथून पुढे सरकते. रसेल डी व्हॅलॉय यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून माकडाच्या जानुपिंडातील पेशींचे स्पंद मोजून विरोधी जोड्यांना प्रत्यक्ष पुरावा दिला. १९६६ मध्ये विझेल व ह्यूबेल यांनी त्यांचे वर्गीकरण केले.

एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. हे ज्ञान बहुतांशी मकॅक जातीच्या माकडांच्या मेंदूत सूक्ष्म तारा घालून मिळवले गेले आणि त्यांतील अनेक माकडे प्रयोगाअंती मारली गेली. पहिले शील घेणाऱ्या माणसाने हे वाचताना क्षणभर थांबावे. त्याचे काय करावे याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु फळ घ्यायचे आणि झाडाचे नाव घ्यायचे नाही, हे आम्हांला अधिक वाईट वाटते.

माकडेच का निवडली, याचे कारण पुन्हा पिंपळापाशी येते. गाय, बैल, कुत्रा यांसारख्या बहुतेक सस्तन प्राण्यांना दोनच जातींच्या शंकुपेशी असतात. लाल कापड पाहून बैल बुजतो असे आपल्याकडे म्हणतात, तो कापडाच्या हालचालीला बुजतो. पोळ्याला त्याच्या शिंगांना लावलेला हिंगूळ हा मालकाच्या डोळ्यांसाठी असतो, बैलाच्या नव्हे. आशिया व आफ्रिकेतील वानर-माकडांच्या पूर्वजांत मात्र सुमारे तीन ते चार कोटी वर्षांपूर्वी लांब पल्ल्याच्या संवेदकाच्या जनुकाची एक जादा प्रत तयार झाली. दोन्ही प्रती हळूहळू भिन्न होत गेल्या आणि मध्यम व लांब अशा दोन जाती झाल्या. याचा उपयोग काय झाला असावा, याविषयी दोन मते आहेत. हिरव्या पानांत पिकलेले फळ हेरता आले असे एक मत. तांबूस, कोवळी, पचायला हलकी पाने जून पानांतून वेगळी काढता आली असे दुसरे. महाराष्ट्रातील काळतोंड्या वानरांना पिंपळ-उंबराच्या झाडांवर पालवी ओरबाडताना ज्याने पाहिले आहे त्याला दुसरे मत सहज पटते, परंतु पटणे हा पुरावा नव्हे. धम्मसङ्गणीत रूपायतनाची गणना करताना नील, पीत, लोहित, ओदात यांच्या पंक्तीत अम्बङ्कुरवण्ण, म्हणजे आंब्याच्या कोंभाचा वर्ण, असा एक शब्द येतो. आंब्याची कोवळी पालवीही तांबूसच. ही यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांत मध्यम व लांब पल्ल्याचे दोन्ही शंकू ठीक होते, असे विनोदाने म्हणता येईल.

आता त्या तरुणाचा प्रश्न. मध्यम व लांब पल्ल्याच्या संवेदकांची जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात आणि एकमेकांशी इतकी सारखी असतात की पिढी बदलताना त्यांची अदलाबदल व गळती सहज होते. जेरेमी नेथन्स व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही जनुके वेगळी करून हे दाखवले. पुरुषाला एकच एक्स गुणसूत्र असते आणि ते आईकडून येते; त्यात मध्यम पल्ल्याचे जनुक नसले, किंवा लांब पल्ल्याच्या जवळजवळ सारखे झालेले असले, तर त्याच्या जागी दुसरे काही उरत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याच्या रंगांधळेपणाचे प्रमाण सुमारे ८ टक्के व स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का आहे. आशियात ते काहीसे कमी आढळते. आम्ही त्या तरुणाला विचारले तेव्हा त्याने सांगितले की, त्याचे मामाही कच्चीच मिरची पिकली म्हणून तोडीत. मामा आणि भाचा. वंशाचा धागा आईच्या बाजूने कसा आला हे यातून दिसते. यात आईचा दोष शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तिच्या स्वतःच्या इच्छेचा यात लेशही नाही.

त्याच्या डोळ्यातील शंकुपेशींच्या संख्येत उणीव नव्हती. म्हणून बारीक अक्षर वाचण्यात तो कमी नव्हता. उणे होते ते वजाबाकीत: ज्या दोन आकड्यांची तुलना व्हावयाची ते दोन्ही जवळजवळ एकच. फरक शून्य आला की तंतू आपल्या मंद गतीने स्पंदत राहतो, आणि तांबूस पालवी व हिरवे पान यांविषयी मेंदूला काहीच बातमी मिळत नाही. निळ्या-पिवळ्याची जोडी मात्र शाबूत. म्हणून ध्वजातील नील व पीत तो पाठ न करताही सांगू शकला असता. लोहित आणि मञ्जिट्ठ यांतच त्याची फसगत होती. जी बातमी निघालीच नाही ती कितीही लक्ष दिल्याने पोचत नाही. मनसिकार हा आलेल्या विषयाकडे वळतो. न आलेला विषय तो निर्माण करीत नाही.

बातमी पोचली तरी काम संपत नाही. जानुपिंडातून ती मेंदूच्या पाठीमागील दृक्‌बाह्यकात जाते. तेथील काही पेशी दुहेरी तुलना करतात: एका जागेवरील लाल-हिरव्याचा फरक शेजारच्या जागेवरील फरकाशी ताडून पाहतात. राखाडी कापड लाल कापडावर ठेवले की हिरवट भासते, त्याचे मूळ अशा शेजार-तुलनेत आहे. पुढे, चौथे दृक्‌क्षेत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात सेमीर झेकी यांनी १९७३ मध्ये रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी वर्णिल्या, आणि १९८३ मध्ये आणखी एक विलक्षण निरीक्षण नोंदवले. रंगीत तुकड्यांच्या फलकावरील प्रकाशाचे मिश्रण बदलले तरी तेथील काही पेशींचा प्रतिसाद डोळ्यावर येणाऱ्या तरंगलांबीनुसार बदलत नव्हता. माणसाला तो तुकडा ज्या रंगाचा दिसे त्यानुसार तो ठरत होता. भिक्खूंचे चीवर सकाळच्या उन्हात आणि रात्री दिव्याखाली आपल्याला त्याच रंगाचे दिसते, वस्तुतः दोन वेळी डोळ्यात शिरणारा प्रकाश पुष्कळ वेगळा असतो. मेंदू सभोवतालच्या साऱ्या दृश्यावरून दिव्याचा वाटा वजा करतो. या भागाला इजा झाल्यास डोळे निकोप असूनही माणसाला जग करड्या छटांत दिसू लागते, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकात आहेत.

आमच्या काही विद्वान मित्रांना यात जुने सर्व सापडते. विसुद्धिमग्गात बुद्धघोषाचार्यांनी चक्खुप्रसादाचे स्थान काळ्या बुबुळाच्या मधोमध आणि आकार उवेच्या डोक्याएवढा सांगितला आहे. दृष्टिपटलावर तीक्ष्ण दृष्टीचा खळगाही तितकाच इवला आहे, म्हणून आचार्यांना तो ठाऊक होता, असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. तो आम्हांला मान्य नाही. आचार्य सांगतात ती जागा डोळ्याच्या पुढच्या भागात, जेथे समोरच्या माणसाचे प्रतिबिंब दिसते तेथे आहे. तसेच चार वर्णकसिणांची हेरिंगच्या जोड्यांशी सांगड घालणेही चुकीचे आहे: पालीतील 'नील' शब्दात गडद निळ्यापासून हिरवटापर्यंत पुष्कळ काही सामावते, आणि हिरव्याला स्वतंत्र कसिण नाही. शिवाय, जानुपिंडातील जोड्यांची टोके म्हणजे शुद्ध तांबडा व शुद्ध हिरवा नव्हेत. शुद्ध वाटणारे रंग मेंदूत कोठे व कसे ठरतात, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. प्राचीन आचार्यांचा गौरव करण्यासाठी त्यांच्या तोंडी नवे शब्द घालावे लागत नाहीत. अट्ठसालिनीत लांब-आखूड हे स्पर्शानेही जाणता येते पण नील-पीत तसे जाणता येत नाही, असा बारकावा नोंदवला आहे. विचार करणाऱ्या माणसाचे ते निरीक्षण म्हणून पुरेसे मोलाचे आहे.

मज्झिमनिकायातील सुभसुत्तात एका जन्मांधाचा दृष्टान्त आहे. मला नील, पीत, लोहित दिसत नाही, म्हणून ते नाहीच, असे तो म्हणतो. त्याचा हट्ट आपण पुष्कळदा उद्धृत करतो. आम्ही अंगणात केले ते याच्या उलट बाजूने तेच होते: मला दिसते, म्हणून तुलाही दिसलेच पाहिजे.

तरुणाने उपचाराविषयी विचारले होते. २००९ मध्ये अमेरिकेतील नाइट्झ दांपत्य व सहकाऱ्यांनी जन्मतः लाल-हिरवा भेद न करणाऱ्या दोन प्रौढ खारमाकडांच्या दृष्टिपटलात मानवी संवेदकाचे जनुक पोचवले आणि ती माकडे पूर्वी न ओळखणारे रंग ओळखू लागली. त्यांतील एकाचे नाव डाल्टन होते. स्वतःच्या रंगांधळेपणाचे वर्णन १७९४ मध्ये करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून ते ठेवले होते. माणसांतील लाल-हिरव्याच्या रंगांधळेपणासाठी मात्र असा उपचार रूढ झालेला नाही. बाजारात मिळणारे रंगीत चष्मे काही छटांमधील फरक ठळक करतात. नसलेली पेशी ते देत नाहीत. त्यावर मोठी रक्कम घालवू नये, असे आम्ही त्याला कळवले. रंगदृष्टीची अट प्रत्येक पदाला नसते, अर्ज भरण्यापूर्वी पदवार वैद्यकीय निकष वाचावेत, हेही कळवले.

त्याचे उत्तर आले. त्याच्या बहिणीचा मुलगा नुकताच शाळेत जाऊ लागला आहे. बहिणीला आईकडून ते गुणसूत्र मिळाले असण्याची शक्यता निम्मी, आणि तिला मिळाले असल्यास मुलाकडे येण्याची पुन्हा निम्मी. तपासणी ठिपक्यांच्या चित्रांच्या त्याच पुस्तकाने होते; जपानचे शिनोबू इशिहारा यांनी ते १९१७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ज्याला आकडे येत नाहीत अशा बालकांसाठी त्यात बोटाने गिरवण्याच्या वाटा आहेत. भाच्याला घेऊन तो नगरला जाणार आहे, आणि निकाल काहीही आला तरी मुलाच्या बाईंना भेटून पाने तपकिरी रंगवल्यास मारू नका, असे सांगणार आहे.